रिमोटवर चालणारा व्हॅम्पायरपट पेन ड्राइव्हवर का बिघडतो?

प्रश्न : काका, दिवाळीच्या आवराआवरीत बाबांच्या कपाटात एक परदेशी डीव्हीडी सापडली. अगदी कमी पैशांत काढलेला व्हॅम्पायरचा विनोदी सिनेमा आहे. मध्येच चित्र थांबतं आणि विचारतं, ‘शवपेटी उघडायची की पळायचं?’ रिमोटने उत्तर दिलं की गोष्ट पुढे सरकते. लहानपणी मी आणि भाऊ त्यावरून भांडायचो. प्लेअर कधीच भंगारात गेला, म्हणून एका दुकानातून सिनेमा पेन ड्राइव्हवर करून आणला. त्यात व्हॅम्पायर आधी राख होतो, मग जेवायला बसतो, मग पुन्हा राख होतो. प्रश्न एकदाही येत नाहीत. डिस्क खराब झालीय का? आणि भाऊ म्हणतो, काहीही निवडलं तरी गोष्ट शेवटी तिथेच जायची, ती शुद्ध फसवणूक होती. खरं का?
– एक वाचक भगिनी, ऐरोली

उत्तर : ताई, डिस्क ठणठणीत दिसतेय. ती डब्यात घालून उभी ठेवा आणि कोणी कितीही सांगितलं तरी टाकू नका. बिघडलीय ती फाइल.

नौपाड्यात माझं दुकान होतं तेव्हा लग्नामुंजीच्या कॅसेटी मी डीव्हीडीवर उतरवून द्यायचो, त्यामुळे या तबकडीच्या पोटात काय असतं ते मला पाठ आहे. तिच्यात दोन तऱ्हेच्या फाइली असतात. व्हीओबी म्हणजे चित्र आणि आवाज. आयएफओ म्हणजे हुकूम : इथे थांब, बटणं दाखव, डावं दाबलं तर अमुक तुकड्यावर जा. शिवाय प्लेअरला आकडे लक्षात ठेवायला १६ खण असतात. नायकाने सुरुवातीला लसूण खिशात टाकला की एका खणात १ पडतो, आणि अर्ध्या तासाने व्हॅम्पायर समोर आला की तो खण बघून पुढचा तुकडा ठरतो. तुमच्या दुकानदाराने हुकूम सगळे गाळले आणि तुकडे डिस्कवर ज्या क्रमाने पडले होते तसे सलग जोडले. म्हणून तो राख होऊन जेवायला बसतोय.

तेव्हा ‘कन्व्हर्ट’ हा शब्द दुकानात उच्चारूच नका. ‘आयएसओ इमेज काढून द्या’ म्हणा. म्हणजे हुकमांसकट अख्ख्या तबकडीची जशीच्या तशी प्रत. एका थराची डिस्क असेल तर ४.७ जीबीपर्यंत, दोन थरांची असेल तर ८.५ जीबीपर्यंत जागा लागेल. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, तो आधी एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करून घ्या. (हे न कळल्याने माझ्याकडून कितीतरी लोक रिकाम्या हाताने परत गेलेत, मला अजून वाईट वाटतं.) ती फाइल लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. बाणांची बटणं आणि एंटर हाच तुमचा रिमोट. लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावण्याच्या भरवशावर राहू नका, बहुतेक टीव्हींना हे हुकूम वाचता येत नाहीत.

परदेशी डिस्क आहे म्हणून एक जपा. डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याचा तिच्यावर आकडा असतो, त्याला रीजन म्हणतात. भारताचा रीजन ५, अमेरिकेचा १. संगणकाचा ड्राइव्ह रीजन बदलायचा का असं विचारेल. ही मुभा फक्त ५ वेळा असते, नंतर ड्राइव्ह शेवटच्या रीजनवर कायमचा अडकतो. सहज म्हणून ‘हो’ दाबत बसू नका.

आता भावाचं म्हणणं. वाटा पुन्हा एकत्र येतात हे खरं, पण फसवणूक हा शब्द मला मान्य नाही. हिशेब करा : दर प्रश्नाला दोन वाटा आणि त्या कधीच जुळू द्यायच्या नाहीत म्हटलं, तर ५ प्रश्नांना ३२ शेवट, १० प्रश्नांना १०२४. एवढं चित्रीकरण कोण करणार? १९६७ साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात प्रेक्षकांना खुर्चीवर लाल-हिरवी बटणं देऊन सिनेमा दाखवला. तिथेही बहुमताने काहीही ठरवलं तरी दोन्ही वाटा पुढच्या प्रश्नाशी येऊन मिळत.

आणि सिनेमा काढायला पैसे नसतील तर व्हॅम्पायरसारखा सोबती नाही. दुसरा नायक मेला की गोष्ट संपली. हा मुळातच मेलेला, त्यामुळे चुकीचं बटण दाबलं की ऊन पडतं, रिकामा कोट आणि मूठभर राख दाखवायची, आणि प्रेक्षकाला मागच्या प्रश्नावर आणून सोडायचं. रात्रीचीच गोष्ट, एकच घर, अंधारात भिंतीचे पोपडे दिसत नाहीत. त्यात विनोदी असल्यामुळे तीच राख तिसऱ्यांदा दिसली तरी माणूस कंटाळत नाही, उलट जास्त हसतो.

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांनी भुताचं नाटुकलं केलं होतं. त्याचं मी तीन प्रश्नांची डीव्हीडी करायची ठरवलं. तीन प्रश्न म्हणजे आठ शेवट, आणि मुलं मिळणार दोनच रविवार. दुकानाच्या फरशीवर चिठ्ठ्या मांडून, हलवून, आठाचे दोन केले. ती डिस्क मी शेजारच्या आजींना लावून दिली. पहिलाच प्रश्न : दारावर थाप पडलीय, उघडायचं? ‘रात्री-अपरात्री दार उघडायचं नसतं,’ म्हणत त्यांनी ‘नाही’ दाबलं. गोष्ट फिरून पुन्हा दाराशी आली. पुन्हा ‘नाही’. तिसऱ्यांदाही ‘नाही’. चौथ्या खेपेला त्या पलंगावरून पुढे सरकल्या, चष्मा वर ढकलला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या रिमोटवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तसाच धरला. मग दाबलं ‘हो’. दारामागे कोण आहे ते मला ठाऊक होतं, तरी माझाही श्वास अडकला. एका फाइलमध्ये सलग जोडलेल्या सिनेमात हा अंगठाच उरत नाही. भावाला हे सांगा.

डिस्कवर बोटांचे डाग असतील तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. मग भाऊ आला की दोघं वही घेऊन बसा आणि पहिल्या प्रश्नाला आळीपाळीने दोन्ही उत्तरं द्या. वाटा किती मिनिटांनी एकत्र येतात ते मोजून मला नक्की कळवा.