विचारा ताईंना: तीन मुलं, एक आजी आणि रविवारचा मेगाब्लॉक

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहतो, वय ३४, लग्न झालेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत भावाची दोन मुलं (मुलगा ९, मुलगी ५) साताऱ्याहून आणि बहिणीचा मुलगा (१३) नाशिकहून आमच्याकडे येणार आहेत. आई ७१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पण तिलाही आमच्याबरोबर यायचंय. गेल्या वर्षी सगळ्यांना मॉलमध्ये नेलं होतं. गेम झोनच्या कार्डात तीनदा पैसे भरले, धाकटी रडली आणि मोठा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. यंदा मी रीतसर तक्ता केलाय: सकाळी गेटवे, मग म्युझियम, राणीची बाग, हँगिंग गार्डन आणि संध्याकाळी चौपाटी. मला रविवारच जमेल. यात काही राहिलं का?
— एक काका-मामा, डोंबिवली पूर्व

उत्तर : राहिलंय ना. शू करायला वेळ ठेवायचा राहिलाय. पाच वर्षांची पुतणी आणि ७१ वर्षांच्या आई, दोघींनाही तो लागणार, आणि दोघींना एकदम लागेल अशी आशा धरू नका.

तुमचा तक्ता वाचून मला आमच्या ह्यांची आठवण झाली. १९९१ चा मे महिना. आम्ही तेव्हा गिरगावात राहायचो. बहिणीची तीन आणि दिरांची दोन अशी पाच मुलं घेऊन निघालो. ह्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर यादी केलेली: राणीची बाग, मत्स्यालय, चौपाटी आणि कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचं ते घर. बागेत मुलं माकडांपुढे रमली, की ह्यांचं घड्याळाकडे बोट, ‘चला, चला.’ मत्स्यालयात काचेला नाकं लावतायत तोवर पुन्हा ‘चला.’ कमला नेहरू पार्कात पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि सगळ्यात धाकटी भाची ह्यांच्या खांद्यावर गाढ झोपली होती. तिला तशीच घेऊन आम्ही बुटाला एक फेरी मारली, कारण यादीत होता! आज ती चाळिशीला टेकलीय, तिला स्वतःची दोन मुलं आहेत. पण घरात कुठलंही लग्न असो, पंगतीत मला ऐकवतेच, ‘मावशी, बूट तू मला दाखवलाच नाहीस.’

तेव्हा चार ठिकाणांवर काट मारा. मी तुमच्या जागी असते तर राणीची बाग ठेवली असती. डोंबिवलीहून गाडी न बदलता भायखळ्याला उतरता येतं, स्टेशनच्या पूर्वेला बाग आहे, आणि तुमच्या आईंना बसायला बाकं आणि मोठ्या जुन्या झाडांची सावली आहे. त्यांना चालवत नसेल तर स्टेशनवरून टॅक्सी करा. तेवढ्या अंतराला टॅक्सीवाला कुरकुर करेल, करू दे.

आता रविवार. बाग बुधवारी बंद असते, त्यामुळे वार चुकलेला नाही, पण मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आहे. शनिवारच्या पेपरात पाहून ठेवा. साधारण अकराच्या सुमारास लागतो आणि चारच्या आसपास सुटतो. मधल्या वेळात गाड्या या मार्गावरून त्या मार्गावर वळवतात आणि वेळापत्रकाचे तीन तेरा वाजतात. म्हणून पावणेआठ-आठची गाडी धरा आणि परतीचं पाच वाजल्यानंतरच पाहा. सगळे एकत्र जनरल डब्यात चढा. आईंना लेडीजमध्ये बसवावं असं वाटेल, पण तेरा वर्षांचा मुलगा तिथे चालणार नाही आणि तुम्ही तर नाहीच, मग उतरताना भायखळ्याला एकमेकांना शोधत बसाल.

त्या तेरा वर्षांच्या मुलाचं सांगते. त्याला ‘लहानांना सांभाळ’ म्हणू नका, त्या वयात ती शिक्षा असते. त्याच्याकडे गाड्यांचं खातं द्या. लोकलच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर अ‍ॅप त्याच्या मोबाइलमध्ये, कुठली गाडी जलद, कुठल्या फलाटावर, ब्लॉक सुटला का, हे सगळं त्याने सांगायचं. तुम्हाला आधीच माहीत असलं तरी त्यालाच विचारायचं. आणि एखादी गाडी चुकली त्याच्यामुळे, तर चुकली. तिकिटंही त्यालाच मोजू द्या. पाच वर्षं पूर्ण झालेल्या पुतणीचं अर्धं तिकीट लागतं, हे त्याने तुम्हाला सांगितलं तर दिवस चांगला जाणार समजा.

बाग साडेनऊला उघडते. आत गेल्या गेल्या आधी पेंग्विन. दुपारपर्यंत तिथली रांग अशी वळणं घेते की आईंचे गुडघे आणि धाकटीचा धीर एकदमच संपेल. गाडीत असतानाच मुलांना सांगून ठेवा की हे बर्फातले पेंग्विन नाहीत. हम्बोल्ट जातीचे आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, २०१६ साली मुंबईत आले. नाहीतर ‘बर्फ कुठाय?’ हाच प्रश्न तुम्हाला दिवसभर पुरेल. त्यानंतर पक्ष्यांचं ते मोठं दालन, ज्याच्या आतून चालत जाता येतं. बाकीचे प्राणी झोपलेले असतील तर पुढे चला, उठवायला शिट्ट्या मारू नका.

आणि मग हत्ती. जिवंत नव्हे, दगडाचा. बागेला लागून भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, तिथे बाहेरच उभा आहे, काळ्या दगडाचा. बहुतेक लोक त्याच्यापुढे फोटो काढतात आणि जातात. मुलांना त्याची गोष्ट सांगा. हा मूळचा घारापुरीचा. पोर्तुगिजांनी ह्यालाच पाहून त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेन मोडली आणि हत्ती पडून फुटला. मग तुकडे मुंबईत आणले आणि पुढे १९१४ साली जोडले. ही गोष्ट सांगून झाली की एवढंच म्हणा, ‘सांधे शोधा.’ माझा नातू एका सांध्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ उभा होता. शेवटी म्हणाला, ‘आजी, मग ह्याला दुखत असेल का अजून?’ मी आपली पाण्याची बाटली काढून पुढे केली.

संग्रहालयात अर्धा तासच. १८७२ सालापासूनची वास्तू, सुंदर आहे, मातीच्या छोट्या छोट्या माणसांच्या प्रतिकृती नऊ वर्षांच्या मुलाला आवडतील. पण धाकटी ‘चला ना’ म्हणायच्या आत तुम्हीच म्हणा. जेवण भायखळ्यालाच उरका. डबा नेलात तर पोळीभाजीचा रोल करून न्या. फराळातली चकली, शंकरपाळे चालतील, चिवडा नको. लोकलच्या सीटवर चिवडा सांडला की समोरचा माणूस आपल्याकडे जसं बघतो, ते मी सोसलंय. पिशवीत धाकटीचा एक कपड्यांचा जोड आणि ओला नॅपकिन. तिच्या दंडावर बॉलपेनने तुमचा मोबाइल नंबर लिहा, फ्रॉकच्या बाहीखाली. कागदाची चिठ्ठी ती पहिल्या पंधरा मिनिटांत कुठल्यातरी माकडाला दाखवून हरवेल.

परत येताना एक करा. भायखळ्याला डोंबिवलीची गाडी भरून येते. तिथून सीएसएमटीचं तिकीट काढा, उलटे जा. १८८० च्या दशकातली ती इमारत पाच मिनिटं रस्त्यापलीकडून बघा, एकेक वडापाव खा आणि सुटणाऱ्या गाडीत रिकाम्या डब्यात चढा. आईंना बसायला मिळेल, मुलांना खिडकी मिळेल. खिडकीवरून भांडण होईलच. दादरला जागा बदलायची, असं आधीच ठरवा.

प्रश्न : ताई, सुट्टीत नणंदेची चार मुलं येतात. बाहेर पडलं की फुगा, पिपाणी, बुढ्ढी के बाल. एकाला घेतलं की चौघांना हवं. नाही म्हटलं तर नणंद मनात धरते.
— एक मामी, गोरेगाव

उत्तर : घरातून निघतानाच प्रत्येकाच्या हातात शंभर रुपये ठेवा, दहा-वीसच्या नोटांमध्ये. काय घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं, संपले की संपले. सगळ्यात धाकटा चौपाटीच्या तोंडाशीच सगळे उडवेल, उडवू दे. उधार देऊ नका आणि हे नणंदबाईंच्या समोर सांगा, म्हणजे नंतर ऐकायला नको. दुसऱ्या दिवशी कोणी दहा रुपये परत आणून दिले तर ते घ्यायचे नाहीत.

फक्त बुढ्ढी के बाल शेवटी घ्यायला सांगा. मी एकदा सुरुवातीलाच घेऊ दिले होते. चौघांनी आठ गुलाबी हातांनी रस्ता ओलांडताना माझाच पदर धरला, आणि ती मोतिया साडी मी नंतर कुठेच नेसू शकले नाही.