विमान टिपा, पण पंखा फिरता राहू द्या

मोर्शीहून एक वाचक विचारतात : शटर १/२००० ठेवला. रिमोटचं विमान स्वच्छ आलं, पण पंखा बंद पडल्यासारखा दिसतो. असं का?

शटर गरजेपेक्षा वेगवान झाला. पंखा मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १५० झाले. १/२००० सेकंदात तो जेमतेम २७ अंश फिरतो, म्हणून थांबलेला वाटतो. १/३०० च्या आसपास तो अर्धा फेरा घेतो आणि दोन पात्यांचं पूर्ण चक्र उमटतं. सुरुवात १/५०० पासून करा, हात बसला की १/३२० वर या.

अडचण पुढे आहे. ताशी ७२ किलोमीटरने जाणारं विमान १/३२० सेकंदात सहा सेंटीमीटर सरकतं, त्यामुळे कॅमेराही त्याच्याच वेगाने फिरायला हवा. विमान जिथे अगदी समोर येणार, तिकडे पाय रोवा. कोपर छातीशी धरा, कमरेतून वळा. बटण दाबल्यावरही वळणं थांबवू नका. बहुतेकांचे फोटो तिथेच हलतात. बरेच वाया जातील, जाऊ द्या. जेटचा पंखा आत दडलेला असतो, तिथे १/१६०० खुशाल वापरा.

हिंगणघाट : विमान धुऱ्यावरच्या बाभळींसमोरून गेलं की फोकस बाभळींवर जातो.

सतत फोकस लावा : कॅननवर सर्वो, निकॉन-सोनीवर एएफ-सी. फोकसच्या मधल्या बिंदूंचा लहान गट निवडा. रिमोट धरलेल्या पायलटला आधी विचारा, घेरा कुठून कसा घेणार. मग झूम कमी ठेवून विमानाला वळणावरच पकडा आणि जवळ येईल तसं झूम वाढवा. बाभळींना मात्र टाळू नका. मोकळ्या आभाळात तेच विमान टांगल्यासारखं दिसतं. मागे झाडांच्या रेघा ओढल्या गेल्या की वेग दिसतो. मला असेच फोटो जास्त आवडतात.

आर्वी : आभाळासमोर विमान काळंच येतं.

कॅमेरा उजळ आभाळ पाहून उजेड कमी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, +१ करा. त्यात आपल्या वावरातली काळी माती खालून उजेडही परत देत नाही. म्हणून सूर्य पाठीशी घ्या आणि विमान वळताना पंख कलतात तो क्षण साधा. तेव्हा वरची रंगसंगती उजेडात येते.

उमरखेड : मे महिन्यात दुपारी काढलेले फोटो लिबलिबीत येतात. लेन्स बदलू का?

नका बदलू. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, महागडी लेन्सही तिला हरवू शकत नाही. ऊन तापायच्या आत, सकाळी जा. वाराही तेव्हा कमी असतो.

देऊळगाव राजा : मोबाइलमध्ये पंखा वाकडा दिसतो. जवळ जाऊन काढू का?

मोबाइल चित्र ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात पाती पुढे सरकतात. जवळ गेल्याने ते सुटत नाही, आणि चालू पंखा बोटं कापतो. पंख्याच्या समोर किंवा बाजूच्या रेषेत उभे राहू नका. विमान उडताना-उतरताना पायलटच्या मागेच थांबा, सोबतच्या मुलांनाही तिथेच थांबवा.