दोष हवेचा, की टोचायच्या जागेचा?

ऋतू पालटू लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा मजकूर ठरलेला असतो. 'आता इन्सुलिन किती युनिट कमी करू?' नाहीतर 'किती वाढवू?' पत्रातून आकडा सांगता येत नाही. मुलाचे वजन, वय, नोंदवही आणि टोचायच्या जागा न पाहता जो आकडा सांगेल त्याचे ऐकू नका. त्यात मीही आलो. खालची सगळी उत्तरे टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांपुरती आहेत.

प्रश्न : उन्हाळा लागला की इन्सुलिन सरसकट १० टक्के कमी करावे, असे पालकांच्या ग्रुपवर वाचले. करू का?

नाही. दुसऱ्याच्या मुलाचा हिशेब तुमच्या मुलाला लागू होत नाही.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची, वजन २८ किलो. सुट्टी लागल्यापासून दुपारी खेळून आली की साखर ६० च्या आसपास असते. परवा पहाटे ३ वाजता ५२ निघाली. डोस तोच, खाणेही तेच. मग हे का होते आहे? डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

डोस तोच आणि खाणे तेच, पण दिवस कुठे तोच आहे? शाळेत पाच-सहा तास बाकावर बसणारी मुलगी आता दिवसभर हुंदडते आहे. त्यात उकाडा. उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि टोचलेले इन्सुलिन एरवीपेक्षा लवकर रक्तात उतरते. ज्या मांडीत टोचले त्याच मांडीने ती पळत असेल तर आणखी लवकर. पहाटेच्या ५२ चे मूळही बहुधा दुपारच्या खेळातच आहे. खेळून रिकामे झालेले स्नायू पुढचे कित्येक तास रक्तातली साखर ओढून आपला साठा भरत राहतात, त्यामुळे खेळ संध्याकाळी संपला तरी साखर रात्री घसरते.

खेळायच्या आधी आणि झोपताना साखर तपासा; फार दमली असेल त्या रात्री २-३ वाजताही. पळायचे असेल तेव्हा मांडीत टोचू नका. ७० च्या खाली गेली की दर किलो वजनाला साधारण ०.३ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तुमच्या मुलीला ८-९ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. घाम, चिडचिड, गरगरणे ही लक्षणे उन्हाचीही असतात आणि हायपोचीही (म्हणजे साखर फार खाली गेल्याचीही). मीटर हाताशी नसेल तर हायपोच समजा. उलट, पाणी कमी पडले तर उन्हाळ्यात साखर चढलेलीही दिसते, तेव्हा 'उन्हाळा म्हणजे साखर खाली' असे गृहीत धरून बसू नका.

आणि पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट कसली पाहता? ५२ हा आकडा ५४ च्या धोक्याच्या रेषेखालचा आहे. डॉक्टरांना आज फोन करा.

प्रश्न : फ्रीजमध्ये इन्सुलिनची बाटली मागच्या बाजूला सरकून गोठली. बाहेर ठेवल्यावर पूर्ववत झाली. वापरली तर चालेल?

नाही. टाकून द्या.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा. सलग दुसऱ्या हिवाळ्यात साखर २५० च्या खाली येत नाही. 'थंडीत असे होतेच, दोन-दोन युनिट वाढवत चला' असे आमच्या ओळखीतल्या एका मधुमेही गृहस्थांनी सांगितले. तसे वाढवत आलो, पण फरक नाही. मधेच एखाद्या दिवशी मात्र साखर एकदम ४८ वर येते. आणखी वाढवावे का?

न वाढवता आधी स्वेटर वर करून त्याचे पोट बघा.

थंडीत साखर थोडी चढते हे खरेच आहे. अनेक देशांत मुलांचे एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) हिवाळ्यात किंचित जास्त आणि उन्हाळ्यात किंचित कमी आढळलेले आहे. मुले घरात बसतात, सर्दी-ताप वाढतो, गारठलेल्या कातडीतून इन्सुलिन सावकाश शोषले जाते. पण हा फरक थोडा असतो. दोन हिवाळे २५० आणि मधेच ४८, हे थंडीचे काम नव्हे. थंडीने साखर चढली तर ती चढलेली राहील, अशी वर-खाली उड्या मारणार नाही.

माझ्याकडे हिवाळ्यात अशी मुले आली की मी वही नंतर उघडतो. मुलाला उताणे झोपवायचे, पोटाला थोडे जेल लावायचे आणि बोटे कडेच्या स्वच्छ कातडीवरून बेंबीकडे सरकवत न्यायची. बेंबीच्या दोन्ही बाजूंना, दोन बोटे अंतरावर, बोट अडते. डोळ्यांना फारसे दिसत नाही, पण हाताला रबरासारखा जाड, बोथट फुगवटा लागतो. शेजारची कातडी चिमटीत सहज येते. फुगवट्यावर चिमूट बसतच नाही. मुलाला विचारले की तो सांगतो, 'इथे दुखत नाही.' दुखत नाही म्हणूनच तो तिथे टोचतो. थंडीत त्याला आणखी एक कारण मिळते. स्वेटर, शर्ट, बनियन काढायचा कंटाळा येतो, मग एका हाताने कपडे जेमतेम वर करून जिथे सुई पोचते तिथेच ती रोज जाते. कपड्यांवरूनच टोचणारीही मुले मी पाहिली आहेत.

हा फुगवटा इन्सुलिननेच तयार होतो. चरबीच्या पेशी वाढवणे हा त्याचा गुणच आहे. एकाच जागी रोज दिले, तीच सुई पुन्हा पुन्हा वापरली, की तिथली चरबी माजते. अशा जागेतून इन्सुलिन बेभरवशाने शोषले जाते. आज अर्धवट, उद्या उशिरा. साखर चढते, पालक डोस वाढवतात, थंडीला बोल लावतात. मग एखाद्या दिवशी मुलगा सहज मांडीच्या चांगल्या कातडीत टोचतो, वाढवलेला डोस पूर्णच्या पूर्ण लागू पडतो आणि साखर ४८. तुमच्या पत्रातली ती 'मधेच' माझ्या मते हीच असावी. मुलगा समोर नसल्याने मी खात्री देत नाही.

म्हणूनच एक गोष्ट बजावून सांगतो, कारण इथे शहाणपणाने घात होतो: गाठी सापडल्या तर लगेच आजचाच डोस नव्या जागी देऊ नका. चांगल्या कातडीत तोच डोस जड पडू शकतो. जागा बदलताना डोस किती उतरवायचा हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचे, आणि ते काही दिवस वारंवार तपासणी करायला लावतील. त्यानंतर पोट, मांड्या, दंड, कुल्ले असे फिरते ठेवायचे, दोन टोचण्यांत निदान एक बोट अंतर, सुई दर वेळी नवी. फुगवट्याला मालिश, शेक, लेप यांतले काहीही करू नका. त्याला विश्रांती हवी, आणि ती काही महिने हवी.

शिवाय मुलगा १३ वर्षांचा आहे. आवाज फुटायला लागला आहे का, उंची झपाट्याने वाढते आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. या वयात वाढीच्या हार्मोनमुळे इन्सुलिनची गरज दर किलोला दिवसाला १ युनिटच्या पुढे सहज जाते. म्हणजे वाढ हवीही असेल. पण ती ओळखीच्या गृहस्थांनी सांगायची नसते. प्रौढ माणसाचा मधुमेह आणि तुमच्या मुलाचा मधुमेह यांत बऱ्याचदा फक्त नाव सारखे असते.

प्रश्न : पेन तासभर उन्हात उभ्या गाडीत राहिले. औषध अजून स्वच्छ दिसते आहे. शिवाय इन्सुलिनसाठी बर्फाचा खास डबा घ्यावाच लागतो का?

स्वच्छ दिसण्यावर जाऊ नका. पाण्यासारखे दिसणारे इन्सुलिन निकामी झाले तरी पाण्यासारखेच दिसते. बंद गाडी उन्हात ५० अंशांच्या पुढे तापू शकते. ते पेन बाजूला ठेवा आणि नवे काढा.

डब्याचे म्हणाल, तर भीती विकणारे बरेच आहेत. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे. वापरातले पेन २५ ते ३० अंशांपर्यंत साधारण ४ आठवडे चालते (नेमकी मुदत पाकिटावर वाचा). बाष्पीभवनाने गार राहणारी साधी ओली पिशवीही पुरते. जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की २५ ते ३७ अंशांत वर-खाली होणाऱ्या तापमानातही उघडलेले इन्सुलिन ४ आठवडे टिकते. ते तपासले गेले होते निर्वासितांच्या छावणीतले तापमान डोळ्यांपुढे ठेवून. त्यावरून गाडीच्या डॅशबोर्डला परवानगी मिळत नाही. बर्फाच्या डब्यात मात्र पेन बर्फाला चिकटून गोठते, आणि मग वरच्या गोठलेल्या बाटलीचे उत्तर पुन्हा वाचावे लागते.

प्रश्न : मुलाला मधुमेह निघून ४ महिने झाले. या उन्हाळ्यात इन्सुलिन निम्म्यावर आले. एका विक्रेत्याने चूर्ण दिले आहे. तो म्हणतो, पावसाळ्यापर्यंत इन्सुलिन सुटेल. प्रयत्न करायला काय हरकत?

हरकत मुलाच्या जिवाची आहे.

निदानानंतर काही आठवडे ते काही महिने, क्वचित त्याहून जास्त, स्वादुपिंडातल्या उरल्यासुरल्या पेशी थोडे इन्सुलिन बनवतात आणि बाहेरचे कमी लागते. याला आम्ही हनिमूनचा काळ म्हणतो. तो ऋतू पाहून येत नाही. तुमच्याकडे तो उन्हाळ्यात आला आणि श्रेय चूर्णाने घेतले. हे लोक नव्याने निदान झालेली मुले नेमकी का शोधतात, हे आता लक्षात आले असेल. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले, तोवर अशा मुलांना उपाशी ठेवून काही महिने जगवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. चूर्णे तेव्हाही होती.

चूर्ण बंद करा, इन्सुलिन बंद करू नका, आणि चूर्णाचे उरलेले पाकीट डॉक्टरांना दाखवायला न्या.

प्रश्न : हवा बदलली की ६ वर्षांच्या मुलीला ताप आणि उलट्या होतात. काही खात नाही, म्हणून आजी इन्सुलिन देऊ देत नाही. बरोबर का?

आजींची माया कळते, पण बरोबर नाही. आजारपणात शरीर साखर स्वतः तयार करते. खाल्ले नाही तरी इन्सुलिन लागतेच. कमी करावे लागू शकते, विशेषतः जुलाब-उलट्यांत साखर खाली जात असेल तर. पण बेसल इन्सुलिन (दिवसभर संथपणे काम करणारे, जेवणाशी न जोडलेले) कधीच बंद करायचे नाही. दर २-३ तासांनी साखर पाहा आणि किटोन (इन्सुलिन कमी पडले की चरबी जळून रक्तात साचणारी आम्ले) तपासा, साखर फार चढलेली नसली तरीही. रक्तातले किटोन ०.६ च्या वर गेले की फोन, १.५ च्या वर गेले की लगेच डॉक्टरांकडे, ३ च्या वर थेट रुग्णालय. श्वास खोल आणि भराभर चालला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास आला, पोट दुखू लागले किंवा उलट्या दोन तासांत थांबल्या नाहीत, तर आकडा न पाहता निघा. 'सकाळी बघू' म्हणून काढलेली रात्र अतिदक्षता विभागात संपलेली मी पाहिली आहे. किटोनच्या पट्ट्या आजच आणून ठेवा, आणि फ्लूची लस दर वर्षी, हंगामाआधी.

प्रश्न : थंडीत मीटर वेगवेगळे आकडे दाखवतो.

हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा, मीटर आणि स्ट्रिप खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तरीही फरक पडला नाही तर मीटर घेऊन दवाखान्यात जा.

प्रश्न : हिवाळ्यात आधी गरम पाण्याने अंघोळ, की आधी इन्सुलिन?

आधी अंघोळ. अंग पुसून, गारवा आल्यावर टोचा आणि मग जेवायला बसवा. टोचून लगेच कढत पाणी घेतले तर इन्सुलिन भराभर चढते, आणि मूल साबण लावता लावता न्हाणीघरात खाली बसते. दार आतून कडी न लावता नुसते लोटून घ्यायला सांगा.