थांबायचं कधी, ते आधी लिही

प्रिय बाय,

“काका, हॉटेलचं कोणतं बुकिंग रद्द होईल याचा अंदाज करणारं आमचं कॉम्प्युटर मॉडेल सुरू करू की नको?” असं तू विचारलंस. तुझ्या हुशारीविषयी मी काही लिहीत नाही, ती मला ठाऊक आहे. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. किती चुकलं तर मॉडेल सुरू करायचं नाही, हे तुमच्या अख्ख्या टीमने कुठेच लिहून ठेवलेलं नाही. मग डेमोच्या तोंडावर जो तो आपल्या सोयीचा आकडा काढणारच!

माझी उमेदीची वर्षं दाबोळी विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये गेली. जुलैत समुद्रावरून सर चाल करून आली की धावपट्टीचं दुसरं टोक दिसेनासं होतं. अशा वेळी ‘बघू अजून थोडं खाली जाऊन’ असं वैमानिकाला चालत नाही. किती उंचीपर्यंत धावपट्टी दिसलीच पाहिजे, ते त्याच्यासमोरच्या तक्त्यावर छापलेलं असतं. कॅटेगरी वन आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ यंत्रणेच्या साध्या प्रकारात, ही उंची सहसा 200 फुटांच्या आसपास असते. नाही दिसली, तर इंजिनाला जोर देऊन सरळ वर. आम्हाला रेडिओवर ‘गोइंग अराउंड’ एवढंच ऐकू यायचं आणि त्या घटकेला आम्ही कारण विचारत नसू. उंची नि दिशा द्यायची, मागचं विमान थोपवायचं. वर गेल्यावर कुठे वळायचं तेही तक्त्यावर असतं. टाकीत दुसरा विमानतळ गाठून वर अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं इंधन असतं. थांबण्याची एवढी सोय आधीच केलेली असते, म्हणून माणूस थांबू शकतो.

आणि तरीही चुकतं. 22 मे 2010 ला मंगळूरला विमान फार उंचावरून, वेगात आलं. सहवैमानिकाने गो-अराउंड सुचवलं, पण कॅप्टनने उतरणं चालूच ठेवलं. सुमारे 8,000 फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती 5,200 फूट पुढे. 158 माणसं गेली. तिथे नियम छापलेला होता, बाय. तुमच्याकडे तर कागदच नाही.

तुझं मॉडेल सांगणार की कोणतं बुकिंग रद्द होईल, आणि हॉटेल त्या भरवशावर जादा खोल्या विकणार. डेटात ‘चेक-इनची वेळ’ हा रकाना राहून गेला होता. तो पाहुणा आल्यावरच भरला जातो, म्हणजे उत्तर मॉडेलच्या हातात आधीच होतं. तू तो काढलास, हे फार चांगलं केलंस. अचूकता धाडकन खाली आली, तर मॅनेजर म्हणतात, पासिंगचा आकडा थोडा खाली आणू. अगं, उतरता उतरता कुणी तक्ता बदलतं का?

आकडा मॉडेलकडे बघून ठरवायचा नसतो. फ्रंट ऑफिसवाल्यांना विचार: डिसेंबरात रात्री अकरा वाजता बॅगा, पोरंबाळं घेऊन आलेल्या किती कुटुंबांना ‘खोली नाही’ सांगणं तुम्हाला चालेल? आकडा त्या उत्तरातून निघतो. तो लिही, सगळ्यांच्या सह्या घे. तपासणी मॉडेलने कधीच न पाहिलेल्या, नंतरच्या तारखांच्या बुकिंगवर कर. सुरू झाल्यावरही दर आठवड्याला तोच आकडा बघ, कारण पावसाळ्यातला पाहुणा आणि नाताळातला पाहुणा एक नव्हे. अचूकता त्याच्या खाली गेली की मॉडेल बंद, आणि रिसेप्शनवाले आजवर करत आले तसंच पुढे करतील, हेही त्याच कागदावर लिही.

पणजीत एका कंपनीत अशाच मॉडेलच्या कामावर असताना मी हाच कागद मागितला होता. “काका, हे विमान नव्हे,” म्हणाले. मी सही केली नाही, तेव्हा मला त्या प्रोजेक्टवरून काढलं. तुझी काकू अजून म्हणते, मी नाहक हट्ट केला. केलाच, आणि आजही करीन! ज्याचा तळ कुणी ठरवलेला नाही, त्याच्याखाली माझं नाव नको. खंत आहे ती त्या टीममधल्या नव्या पोरांची. त्यांना सगळं दिसत होतं, पण ‘थांबा’ म्हणायचा हक्क त्यांना कुणी दिलेला नव्हता. म्हणून तुझ्या कागदावर हे ठळक लिही: टीममधल्या कुणीही थांबवावं, अगदी कालच रुजू झालेल्यानेसुद्धा, आणि आधी थांबायचं, कारणं मागून.

फ्रंट ऑफिसला फोन आजच कर. कागदाचा कच्चा खर्डा घेऊन रविवारी वास्कोला ये, आकड्याची जागा कोरी ठेवून आणू नकोस.

तुझा,
काका