‘पांघरूण घालणे’ कळतं, पण अर्जात चालत नाही

सोसायटीच्या सेक्रेटरीने दुरुस्तीची बिलं गायब केली आणि उपनिबंधकांकडच्या तक्रारीत तुम्ही ‘त्यांनी ताकाला जाऊन भांडे लपवले’ असं लिहिलंय. ते बरोबर आहे का, असं विचारलंत. मीही याच वाटेने गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

ती म्हण इथे बसत नाही. ताक मागायला गेलेला माणूस संकोचापायी भांडं पाठीमागे धरतो. तिथे लपतो तो हेतू. तुम्हाला हवंय ‘पांघरूण घालणे’. खाली काय आहे हे घालणाऱ्याला ठाऊक असतं. आई पोराच्या चुकीवर घालते ती मायेपोटी, अधिकारी घोटाळ्यावर घालतो ते संगनमताने. ‘सारवासारव’ वेगळी, ती पकडलं गेल्यावर तोंडाने होते.

पण माझं ऐकाल तर अर्जात यातलं काहीच नको. आमच्या जमिनीच्या फेरफार नोंदवहीतलं एक पान फाडलेलं मी स्वतः पाहिलं होतं. शिवणीत पेराएवढी कड उरली होती आणि तिच्यावर निळ्या शाईत एका वेलांटीचं टोक. अमुक वही, अमुक पानानंतरचं पान नाही, कड शिल्लक आहे, एवढंच लिहायचं होतं. त्याऐवजी माहितीच्या अधिकारात मी विचारलं, ‘या प्रकरणावर कोणी पांघरूण घातले?’ दीडशे शब्दांची मर्यादा, त्यातले निम्मे संतापात गेले. तिसाव्या दिवशी उत्तर आलं: मागणी अभिप्राय स्वरूपाची आहे, सबब माहिती देता येत नाही. नियमाने ते बरोबर असेलही. पण मला काय हवंय हे खिडकीतल्या माणसाला पक्कं कळलं होतं, आणि तो गप्प राहिला, याची चीड अजून जात नाही. पहिलं अपील करायला मिळणारे ३० दिवस मी त्या चिडीतच घालवले.

मी वकील नाही. गुन्ह्याचा पुरावा नाहीसा करण्याला पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २०१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं २३८ आहे. तुमच्या बिलांना ते लागू होतं का, हे जाणकाराला विचारा. सरकारी कार्यालयात काम असेल तर ‘अभिलेखाचे अवलोकन’, म्हणजे मूळ कागद स्वतः पाहणं, मागा, माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात तो हक्क आहे. जाताना सोबत कुणाला तरी न्या. आणि उशीर करू नका.

मी पुन्हा गेलो तेव्हा ती वही बांधणीहून परत आली होती. नवी पाठ, नवा दोरा. कड साफ कापलेली होती.