पाझर तलावाचा सांडवा अडवलाय, पायथ्याला ओल आहे. दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न: आमच्या वस्तीच्या वर 1972 च्या दुष्काळी कामांतून झालेला मातीचा पाझर तलाव आहे. ओढ्याचा पूर तोच अडवतो. खाली पस्तीस घरं आणि जिल्हा परिषदेची शाळा. बांध जमिनीपासून नऊ मीटरच्या आसपास उंच. जास्त पाणी साठावं म्हणून वरच्या अंगाच्या काही शेतकऱ्यांनी सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, अर्धा मीटर उंच वाळूची पोती रचलीत. भरावावर बाभळी माजल्यात आणि मागच्या पायथ्याला गेल्या पावसाळ्यापासून ओल आहे. उपअभियंता म्हणतात, तलाव ग्रामपंचायतीकडे दिलाय. ग्रामपंचायत म्हणते, कागद दाखवा. पोरं म्हणतात, जेसीबी लावून सांडवा मोकळा करू. आम्ही काय करावं? घरं वाहून गेली तर भरपाई कोण देणार?

उत्तर: आधी जेसीबी थांबवा. तलावात पाणी असताना भरावाला किंवा सांडव्याच्या कडेला चर मारला की पाणी तो चर स्वतःच कापत नेतं आणि काही मिनिटांत तो आवरण्यापलीकडे जातो. साठा एकदम उतरला तर पाण्याकडचा भिजलेला उतारही घसरतो. कायद्याच्या बाजूनेही पोरं अडचणीत येतील. शेतीच्या पाण्याचा पुरवठा कमी होईल किंवा पाणी शिरून नुकसान होईल अशी आगळीक भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 खाली गुन्हा आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. पोती रचणाऱ्यांच्या कृत्यानेही उद्या वस्तीत पाणी शिरलं, तर हेच कलम त्यांच्यावर लागू शकतं. त्यांना हे लेखी कळवा. बरेचदा एवढ्यानेच पोती निघतात, पण ती पाणी खाली असताना, तलाठी व ग्रामपंचायतीसमोर पंचनामा करून काढायची.

अर्ध्या मीटरने काय बिघडतं असं तलाठी किंवा तहसीलदार विचारतील, तेव्हा हिशेब तयार ठेवा. पुराच्या वेळी सांडव्यावरून एक मीटर जाडीचं पाणी जाईल असं धरून भरावाचा माथा ठरवला असेल, तर पोत्यांमुळे तेवढ्याच पातळीला अर्धाच मीटर जाडी उरते. सांडव्याची वहनक्षमता जाडीच्या दीड घाताने बदलते, म्हणून ती निम्मी न होता एक तृतीयांशावर येते. उरलेलं पाणी तलावात चढत जातं आणि माथ्यावरून ओसंडतं. मातीच्या भरावावरून पाणी वाहिलं की मागचा उतार धुपून बांध फुटतो. अर्जात हा परिच्छेद जसाच्या तसा घाला, फक्त सांडव्याची रुंदी आणि सांडवा ते माथा ही उंची प्रत्यक्ष मोजून लिहा.

ओलीबद्दलही नुसतं ‘गळती आहे’ असं लिहू नका. पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे सर्वांत महत्त्वाचं. स्वच्छ, एकसारखं झिरपणारं पाणी मातीच्या बांधात थोडंफार असतंच. गढूळ पाणी म्हणजे भरावाची माती आतून वाहून चालली आहे. पाणी एका जागी गोळा करून 20 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहा. 40 सेकंद लागले तर सेकंदाला अर्धा लिटर. त्याच दिवशी तलावाची पातळी नोंदवा. पातळी तीच असताना पाझर वाढत असेल, तर तो पुरावा आहे. आठवड्यातून एकदा, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह वहीत लिहा. फोटो, व्हिडिओ ज्या फोनवर काढलेत तो फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र देताना लागेल. बाभळी उपटू मात्र नका. मुळं कुजून भरावात पोकळ वाटा तयार होतात, म्हणून तोड आणि भराव दुरुस्ती अभियंत्याच्या देखरेखीखाली एकत्रच व्हायला हवी.

आता तलाव कोणाचा? 2021 चा धरण सुरक्षा कायदा तुमच्या तलावाला बहुधा लागू होणार नाही. तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो. 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लागतो तो माथ्याची लांबी किमान 500 मीटर, साठा किमान 10 लाख घनमीटर किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला किमान 2000 घनमीटर, यांपैकी एखादी अट बसली तर. पायाची विशेष अडचण किंवा वेगळ्या धाटणीची रचना असली तरीही तो लागतो. पण उंची जमिनीपासून मोजत नाहीत, पायाच्या सर्वांत खोल सर्वसाधारण पातळीपासून मोजतात. तुमचे नऊ मीटर नकाशावर साडेदहा भरू शकतात. साठाही दहा लाखांवर असेल, तर पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी करणं कायद्याने बंधनकारक होतं. म्हणून मूळ नकाशा मिळवा.

तो माहिती अधिकारात मागा. जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे एकाच अर्जात हस्तांतरणपत्र व ताबापावती, आडवा छेद, सांडव्याची मंजूर पातळी आणि तलावाचे सर्व तपासणी अहवाल मागा. जीविताचा प्रश्न असल्याने कलम 7(1) प्रमाणे 48 तासांत माहिती हवी, हे अर्जाच्या डोक्यावर लिहा. ‘आमच्याकडे नाही’ असं म्हणायचं असेल, तर त्यांनी पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे अर्ज पाठवायचा असतो, तुम्हाला हेलपाटे घालायला लावायचं नसतं. या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क आहे. तो जरूर वापरा. जुन्या दुष्काळी कामांचे कागद अनेकदा सापडत नाहीत. तसं असेल तर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे लेखी घ्या, कारण ज्या कार्यालयाकडे हस्तांतरणाचा कागदच नाही त्याला हस्तांतरण झालं असं सांगता येत नाही.

पण मालकी ठरेपर्यंत थांबू नका. लोक नेमके इथे अडकतात, आणि पावसाळा येतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 33 खाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण जिल्ह्यातल्या कोणत्याही खात्याला किंवा स्थानिक संस्थेला आपत्ती टाळण्याची उपाययोजना करायला लावू शकतं, आणि त्या खात्यावर ते बंधनकारक असतं. या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. तुमचा मुख्य अर्ज त्यांच्याकडे जाऊ द्या, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. मागण्या नेमक्या हव्यात: पोती काढणं, अभियंत्याकडून तातडीची पाहणी, तोवर पाणी सुरक्षित पातळीला उतरवून ठेवणं, आणि वस्तीसाठी इशारा व स्थलांतराची व्यवस्था. अर्ज हाती देऊन आवक क्रमांकाचा शिक्का घ्या.

दुसरा अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली. प्रवाहातला बेकायदा अडथळा काढणं, कोसळण्याच्या बेतात असलेल्या बांधकामाची दुरुस्ती करायला लावणं, हे त्यांच्या अधिकारात आहे. चौकशी होईपर्यंत धोका टाळण्यासाठी कलम 161 चा मनाई हुकूमही मागा. ‘निधी नाही’ हे उत्तर इथे टिकत नाही. रतलाम नगरपालिकेच्या 1980 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 133 कलमाखालचा आदेश कायम ठेवताना, पैसे नाहीत म्हणून कर्तव्य टळत नाही असं स्पष्ट सांगितलं. आजचं 152 म्हणजे तेच कलम. दोन्हीकडून हालचाल झाली नाही, तर उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करता येते. तिथे तुमचे शिक्के मारलेले अर्जच बोलतील.

भरपाईचं थोडं सविस्तर सांगतो. इंग्लंडमध्ये 1868 मध्ये रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात ठरलं की साठवलेलं पाणी फुटून दुसऱ्याचं नुकसान झालं, तर हलगर्जी सिद्ध न करताही साठवणारा जबाबदार. हा खटला बरेच जण भारतात तळ्यांच्या दाव्यांत उद्धृत करतात. पण 1874 मध्ये मद्रास रेल्वे विरुद्ध कार्वेटनगरचे जमीनदार या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, तो नियम भारतातल्या तळ्यांना लावला नाही. इथली तळी लोकांच्या जगण्यासाठी आहेत, ती राखणं हे कर्तव्य आहे, म्हणून पुराने तळं फुटून रेल्वेचे पूल गेले तरी हलगर्जी सिद्ध झाल्याशिवाय जबाबदारी नाही, असं ठरलं. तुम्हाला हलगर्जीच सिद्ध करावी लागेल, असं धरूनच तयारी करा. धोका त्या कार्यालयाला माहीत होता, उपाय त्याच्या हातात होता आणि तरी तो झाला नाही, हे तीन मुद्दे. पहिला मुद्दा तारखेच्या शिक्क्याशिवाय सिद्ध होत नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. गळतीबद्दल आधीच तक्रारी केल्या होत्या असं गावकरी सांगत होते. नंतर खेकड्यांनाही दोष देण्यात आला. खेकडे आणि घुशी भराव पोखरतात हे खरं आहे, पण ती बिळं शोधून बुजवणं हेच तर देखभालीचं काम.

शासनावर दावा करण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडीच्या मनाईसाठी न्यायालयाच्या परवानगीने ती न देताही दावा दाखल करता येतो. नुकसान झालंच, तर दावा एका वर्षाच्या आत लावा. कायद्याखाली केलेल्या किंवा न केलेल्या कृतीबद्दलच्या भरपाईची मुदत एक वर्षाचीच आहे, असा आक्षेप सरकारी वकील घेतात, आणि नेहमीच्या तीन वर्षांच्या मुदतीच्या भरवशावर राहिलेले दावे त्यात अडकतात. तलाठ्याच्या पंचनाम्यावर मिळणारी शासकीय मदत जरूर घ्या. ती मदत आहे, नुकसानभरपाई नव्हे. ‘आता काही तक्रार नाही’ अशा मजकुरावर मात्र सही करू नका.

आणि पायथ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, माथ्याला लांब भेग पडली किंवा भराव खचला, तर त्या वेळी अर्ज लिहीत बसू नका. वस्ती आणि शाळा ओढ्यापासून दूर, उंचावर हलवा आणि 1077 वर जिल्हा नियंत्रण कक्षाला व 112 वर पोलिसांना कळवा. फोनची वेळ आणि समोरच्याचं नाव त्याच वहीत टिपून ठेवा.