लॉकडाउनमध्ये बाल्कनीत भाजी लावली होती का? खरंच काही उगवलं का?

तुम्ही विचारलंय की २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरी भाजीपाला लावणाऱ्यांच्या हाती नक्की काय लागलं, आणि त्या दिवसांत घरातलं रोजचं जगणं कसं होतं. आमच्याकडे उगवलं. फार नाही, पण उगवलं. ते सगळं माझ्या सासऱ्यांमुळे, म्हणून त्यांच्यापासूनच सुरू करते.

आबा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातले, दहिवडीच्या पुढचे. आयुष्यभर कोरडवाहू शेती केलेला माणूस. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आमच्याकडे आले. धुळवडीच्या आदल्या दिवशी, ९ मार्चला, पुण्यात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले. १२ तारखेला आबांचा एक डोळा झाला. दुसरा महिन्याभराने करायचं ठरलं होतं. मग २२ मार्चचा जनता कर्फ्यू, पाठोपाठ जिल्ह्यांच्या सीमा बंद, आणि २५ तारखेला, बरोबर गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर लॉकडाउन. सोसायटीच्या आवारातल्या कडुनिंबाची डहाळी वॉचमनने खालून वर आणून दिली, त्यावर गुढी उभारली. हार नव्हता. आबा काळा चष्मा लावून गुढीकडे बघत म्हणाले, "घरी शाळू काढून झालाय, कडबा रानातच पडलाय. कोण बांधणार?"

आमचा फ्लॅट सिंहगड रोडला, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा. नवऱ्याचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर. मुलगी चौथीत, तिच्या परीक्षा रद्द झालेल्या. मी शाळेत भूगोल शिकवते. दहावीचा भूगोलाचाच पेपर आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्द झाला. मुलांचे फोन येत होते, "बाई, आता मार्क कसे देणार?" कामाच्या मावशींना आम्हीच येऊ नका म्हटलं होतं. लॉकडाउनमध्ये सगळ्यांना भरपूर मोकळा वेळ मिळाला, असं अजूनही सर्रास लिहिलं जातं. आमच्या घरात मला तो मिळाला नाही, आणि माझ्या ओळखीच्या एकाही बाईला मिळाला नाही. चार माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, भांडी, फरशी, आणलेली प्रत्येक पिशवी पुसून उन्हात ठेवणं, भाजी मिठाच्या पाण्यात धुऊन पंख्याखाली वाळवणं. बाग हा माझा विरंगुळा नव्हता. ती आबांची गरज होती, आणि मला ते कळायला आठवडा लागला.

कारण पहाटे साडेचारला उठणाऱ्या त्या माणसाला दिवसभर करायला काहीच नव्हतं. टीव्हीवर आकडे, आणि मोबाइलवर द्राक्षं रस्त्यावर ओतणाऱ्या, फुलं जनावरांना घालणाऱ्या शेतकऱ्यांचे व्हिडिओ. एका सकाळी बघते तर आबा बाल्कनीत, मेलेल्या तुळशीच्या कुंडीतली माती बोटांनी कुस्करत उभे. मी ओरडलेच. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की महिनाभर डोळ्यात धूळ-माती जाता कामा नये, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. त्यांनी माती खाली टाकली आणि म्हणाले, "मग तू कर की. मी नुसता सांगतो."

अशी सुरुवात झाली. आबा खुर्चीत, चष्मा लावून, सांगणार. हात माझे आणि लेकीचे.

नर्सऱ्या बंद, म्हणजे कुंड्या, माती, खत काहीच मिळणार नव्हतं. मला वाटलं संपलं. आबा म्हणाले, "माती न्हाय तर काय झालं, पाला हाय की." चैत्र नुकताच लागलेला, आवारातली झाडं पानं गाळत होती आणि रोज सकाळी तो पाला झाडून कोपऱ्यात जाळला जायचा. वॉचमनला सांगून आम्ही तो पोत्यात भरून घेतला. पोती दोन दिवस उन्हात ठेवूनच घरात घेतली, तेव्हा तेवढी धास्ती होती. बिल्डिंगमागच्या ढिगातली एक पोतं माती चेअरमननी नेऊ दिली. भांडी म्हणून रंगाचे वीस लिटरचे तीन डबे, तेलाचा पंधरा किलोचा डबा, दोन फुटक्या बादल्या, सिमेंटचं रिकामं पोतं आणि गळकं पिंप. बुडाला तापवलेल्या सळईने भोकं.

भरायची पद्धत आबांनी एकदाच सांगितली, ती मी आजही बदललेली नाही. तळाला नारळाच्या शेंड्या. त्यावर वीतभर वाळका पाला, हाताने दाबून. मग भाज्यांची सालं-देठं, पुन्हा पाला, पुन्हा सालं. पाला सालांच्या दुप्पट-तिप्पट तरी हवा. मधेमधे मूठभर जुनी माती. शेण मिळणार नव्हतं, म्हणून आंबट ताक आणि गुळाचा खडा पाण्यात कालवून तेच शिंपडायचं. "विरजण लागल्याशिवाय दही लागतं व्हय?" सगळ्यात वर चार बोटं माती. बी त्या चार बोटांत पेरायचं, खालचं सावकाश कुजत राहतं. कुजताना आत ऊब धरते, म्हणून ताज्या भरलेल्या डब्यात फक्त मेथीसारखी उथळ मुळांची भाजी. भेंडी किंवा वेल पंधरा दिवसांनी, आत हात घालून गार लागलं की. आणि डबा दर आठवड्याला खचतो, तेव्हा वरून पुन्हा पाला आणि थोडी माती.

एक चूक माझ्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. एका रात्री उरलेला आमटीभात मी डब्यात घातला. चार दिवसांत आंबूस वास, चिलटं, आणि शेजारच्या घरातून तक्रार. तेव्हा लोक आधीच घाबरलेले होते, वास म्हटलं की रोगराई आठवायची. आबांनी डबा उपसायला लावला, फाडलेले वर्तमानपत्राचे कागद आणि कोरडा पाला मिसळायला सांगितला, तीन दिवस रोज खालीवर करायला लावलं. वास गेला. शिजवलेलं अन्न आणि जास्तीचं पाणी या दोनच गोष्टींनी घरातलं खत बिघडतं, असा माझा अनुभव आहे.

बियाणं स्वयंपाकघरातून. मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले, तिसऱ्या दिवशी मोड वर. धने चपलेखाली हलके रगडून प्रत्येकाचे दोन भाग केले, कारण एका धन्यात दोन बिया असतात. ते यायला दहा दिवस लागले. लेक रोज सकाळी जाऊन बघायची आणि सातव्या दिवशी रडली. आबा तिला म्हणाले, "तुझ्या आज्जीला आमच्या रानात पाऊस यायची वाट बघताना बघितलं असतंस तर दहा दिवस म्हंजे कायबी न्हाय." वाळक्या लाल मिरचीचं बी, पिकल्या टोमॅटोचं बी, पेलाभर पाण्यात ठेवून मुळं फुटलेल्या पुदिन्याच्या काड्या. बाजारातल्या दुधीचं बी मी काढून ठेवलं होतं, ते आबांनी फेकायला लावलं, कोवळ्या फळातलं बी उगवत नाही. शेवटी भेंडी आणि दुधीचं पाकीट वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पिशवीत घालून दोरीने आमच्या बाल्कनीपर्यंत सोडलं. त्या काकूंशी पाच वर्षांत माझं लिफ्टमधलं हसणं तेवढं होतं.

पुण्याचा एप्रिल म्हणजे चाळीसच्या आसपास पारा. आमची बाल्कनी पूर्वेची, अकरापर्यंत कडक ऊन. हिरवी जाळी मिळत नव्हती, म्हणून जुनी सुती साडी आडवी बांधली. मातीवर वाळक्या पानांचं आणि पिळून टाकलेल्या उसाच्या चिपाडांचं आच्छादन. पाणी पहाटे एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा, भांडी विसळलेलं साबणाआधीचं पाणी आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी. पहाटेचं पाणी हळूहळू माझ्याकडे आलं. साडेपाचला रस्त्यावर एकही गाडी नसायची. तांबट पक्ष्याचं टुकटुक लांबून ऐकू यायचं. आबा आणि मी चहा घेत बसायचो. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण सासऱ्यांशी इतकं बोलणं त्याआधी कधी झालंच नव्हतं. काळी रेगूर माती बेसाल्ट झिजून होते, ओलावा धरून ठेवते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलंय. बहात्तरच्या दुष्काळात त्याच मातीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि आबा, तेव्हा विशीतले, दुष्काळी कामावर खडी फोडत होते, हे मला त्या बाल्कनीत कळलं.

आता हिशेब, कारण तुम्ही तोच विचारलाय. मेथीच्या चार जुड्या, वीस-बावीस दिवसांत एक. कोथिंबीर उन्हाळ्यात बोटभर होऊन लगेच फुलावर आली, तिने निराश केलं. पुदिना भरपूर, आम्ही खाऊन वर काकूंकडे जाईल एवढा. टोमॅटोला फूल आलं आणि उष्णतेने गळलं. भेंडीची सात रोपं, त्यातलं एक पिवळ्या शिरांचं झालं तेव्हा आबांनी लगेच उपटायला लावलं. हा रोग पांढऱ्या माशीमुळे शेजारच्या रोपांवर जातो. उरलेल्या सहांना मेअखेर दिवसाआड सहा-आठ भेंड्या. फ्रिजमध्ये साठवून चार दिवसांनी एक भाजी. एप्रिलमध्ये मार्केट यार्ड बंद झालं तेव्हा या बागेने आम्हाला तारलं असं मी म्हणणार नाही. आम्हाला तारलं ते शेतकऱ्यांच्या गटांनी सोसायटीच्या दारापर्यंत आणलेल्या भाजीच्या पिशव्यांनी. बाल्कनीत घर चालत नाही. घरच्या भाजीवर जगू म्हणून सुरू करणार असाल तर महिन्याभरात सोडून द्याल.

मेच्या शेवटी एका सकाळी मागच्या टेकडीकडून पावशा ओरडला. पेरते व्हा, पेरते व्हा. आबा चहाचा कप खाली ठेवून उठले. त्या दिवसापासून त्यांचं चित्त इथे राहिलं नाही. मृगाच्या आत गावी पोचायचं, एवढंच. नवऱ्याने जिल्ह्याबाहेर जायला तेव्हा लागणाऱ्या ई-पासचा अर्ज केला, डॉक्टरांचा दाखला जोडला, एकदा नामंजूर, दुसऱ्यांदा मंजूर.

त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. पुण्यातही दिवसभर वारा आणि पाऊस, रस्तोरस्ती झाडं पडलेली. बाल्कनीच्या ग्रिलवर साडीच्या चिंध्यांनी बांधलेला दुधीचा वेल संध्याकाळपर्यंत अर्धा फाटला, शेंडा लोंबत होता. मला खरंच रडू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आबांनी स्वतः कात्री घेतली, लोंबणारा शेंडा कापला आणि म्हणाले, "मोडला ते बरंच झालं. नुसती नर फुलं येत हुती. आता बगलेतनं फुटवं येतील, त्येला फळं धरतील." दोन दिवसांनी ते गेले. गावाने पुण्याहून आलेल्या माणसाला चौदा दिवस गावात घेतलं नाही. ते रानातल्या वस्तीवर छपरात एकटे राहिले, जेवणाचा डबा बांधावर ठेवला जायचा. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, आणि अजून वाटतं.

फुटवे आले आणि त्यांना मादी फुलंही आली. मादी फुलाच्या देठाशी बोटाएवढा दुधी असतो, तो पिवळा पडून गळायला लागला. फोनवर आबांनी विचारलं, "संध्याकाळी माशी येती का?" तिसऱ्या मजल्यावर कुठून येणार. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हाच नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचा पराग मादी फुलात हलकेच फिरवायचा. सात वाजता कुकर लावून मी बाल्कनीत जायची, फोन कानाला, पलीकडून आबांचा आवाज, मागे छपरावर पाऊस. तीन दुधी धरले. पहिल्याची भाजी, दुसऱ्याचा हलवा. तिसरा तोडू द्यायचा नाही असं त्यांनी बजावलं.

तो वेलावरच पिवळा झाला, मग तपकिरी, मग लाकडासारखा टणक. वेल वाळला तरी तो ग्रिलला टांगलेला होता. डिसेंबरमध्ये आबा दुसऱ्या डोळ्यासाठी आले, तेव्हा त्यांनी तो कानाशी हलवून पाहिला. आत बिया खुळखुळत होत्या. लेकीने हातोडीने फोडला. अर्ध्या बिया त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधून नेल्या, अर्ध्या माझ्या मसाल्याच्या डब्याशेजारी काचेच्या बरणीत राहिल्या. चार मी वरच्या काकूंना दिल्या, आणि पाडव्याला पिंपात दोन पेरल्या.